नेदिम दुसऱ्या गावी गेला

१४ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी सातला बेल. खालचे केअरटेकर आजोबा, हातात पिशवी. ३०४ वाल्याने जाळायच्या कचऱ्यात पुन्हा बाटल्या टाकल्या. कचरा त्याचा, कमरेत वाकून माफी माझी. इंग्रजी-जपानी दुभाषा म्हटल्यावर हेही आलंच. बास्केटबॉल क्लबने त्याला मुद्दाम माझ्याच बिल्डिंगमध्ये घर दिलंय, ग्योतोकु स्टेशनपासून आठ मिनिटं. का, तर ‘हेमंत-सान जवळ आहेत’.

पिशवी घेऊन वर गेलो. सेनाद दारात उभा राहिला की दार संपतं. उजव्या गुडघ्याला बर्फ बांधलेला. सांगितलं, बाटल्या गुरुवारी. तर म्हणतो, "सारायेव्होत टॅक्सीवाले माझ्याकडून भाडं घेत नाहीत."

"इथे बाटल्या घेत नाहीत."

हसला. महिन्याभरात पहिल्यांदा. "ये आत, कोमशिया." कोमशिया म्हणजे शेजारी. आजोबांनंतर या बिल्डिंगमध्ये मला हाक मारणारा हा दुसरा माणूस.

२१ ऑक्टोबर, सोमवार

क्लबची सुट्टी. दहाला वर कॉफीला. लांब दांड्याचं तांब्याचं भांडं, बिनकानाचे इवलेसे कप. त्याच्या पंजात तो कप म्हणजे भातुकलीच.

त्यांच्याकडे पाहुण्याला तीन कॉफ्या. पहिली आल्याबद्दल. दुसरी बोलण्यासाठी. तिसरी आली की पाहुण्याने उठायचं, यजमान तोंडाने काही बोलत नाही. तिचं नावच सिक्तेरुशा, म्हणजे ‘चल नीघ’ कॉफी. म्हटलं, आमच्याकडे जांभई देतात आणि "उद्या लवकर उठायचंय" म्हणतात, पण तुमची पद्धत बरी, निदान जाताना कॉफी तरी मिळते.

दोन तास बसलो. तिसरी आली नाही.

एकेचाळीस वर्षांचा आहे. आठ वर्षांचा असताना शहराला वेढा पडला, चार वर्षं. बाहेर खेळायला बंदी, डोंगरावरून गोळ्या. मग इमारतीच्या तळघरात बादलीचा तळ कापून रिंग ठोकली. छत बुटकं, चेंडू वर उडवला की आपटायचा. म्हणून याचा शॉट सपाट, दोरीवर वाळत घातल्यासारखा. पुढे स्लोव्हेनिया, स्पेन, तुर्कस्तान, ग्रीस. प्रत्येक कोचने तो सुधारायचा प्रयत्न केला आणि नंतर सोडून दिला, कारण चेंडू आत जायचा. चौदा वर्षं राष्ट्रीय संघात. आणि आता इथे, दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, कोपऱ्यावरच्या कोन्बिनीतली, चोवीस तास उघड्या दुकानातली बाई विचारते, "व्हॉलीबॉल का?"

तो "हो" म्हणतो.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. प्रॅक्टिस होती. घरी येऊन एक पणती लावली, फायर अलार्मच्या भीतीने बेसिनमध्ये.

पुण्याला व्हिडिओ कॉल. वैशालीने फराळ दाखवला. मुक्ताला बोलावलं, ती आली, कॅमेऱ्यात फक्त कपाळ. "कशी आहेस?" "बेत्सु नि." काही विशेष नाही. पोर पंधरा वर्षांची, दोन वर्षं चिंचवडला राहतेय आणि माझ्याशी मात्र अजून जपानीत बोलते. तेही दोन शब्द.

तिचं चुकत नाही. तोयोसुच्या ऑफिसातली माझी नोकरी गेली तेव्हा आम्ही तिला सांगितलं की सुट्टीला पुण्याला चाललोय. दप्तर, मैत्रिणी, कपाटावरची चित्रं, सगळं तसंच ठेवून ती विमानात बसली. तिथे गेल्यावर आठ दिवसांनी शाळेचा युनिफॉर्म आणला. वै. म्हणाली होती, आधी सांगू. मी म्हटलं, उगीच पोरीला रडवायचं कशाला.

तिला शब्द दिलाय, जूनमध्ये मी कायमचा परत येतो. आणि परवा ओकादा-सान, आमचे मॅनेजर, विचारत होते पुढच्या वर्षीच्या कराराचं. मी हो म्हणून आलो. घरी अजून

बघू.

२० नोव्हेंबर, बुधवार

उरायासुला एका प्राथमिक शाळेत सेनादचं भाषण. पाचवीचा वर्ग, मुलं जमिनीवर मांड्या घालून. दुभाष्याचा नियम, ‘तो म्हणतो’ म्हणायचं नाही, ‘मी’ म्हणायचं. मी आठ वर्षांचा होतो. मी तळघरात राहायचो. माझी आई बर्फ वितळवून पाणी करायची. सातारारोडचा मी, असं जपानीत धडाधड सांगत होतो.

मग तो म्हणाला, "चेंडू नेदिमचा होता. माझ्याच जिन्यातला, माझा मित्र. एकदा चेंडू उसळून बाहेर गेला, तो आणायला गेला. दारातच मारला गेला. मी जे काही शिकलो ते त्याच्या चेंडूवर."

समोर एक दात पडलेली मुलगी तोंड उघडं टाकून ऐकत होती. माझ्या तोंडून निघालं, "आणि मग नेदिम दुसऱ्या गावी राहायला गेला."

झालं ते झालं. पण त्या मुलीने हात वर केला. "नेदिम-सान आता भेटतात का तुम्हाला?"

सेनाद माझ्याकडे बघतोय, काय विचारते? म्हटलं, "विचारते, तो चेंडू अजून आहे का?"

तो म्हणाला, "नाही. त्याच्याबरोबर पुरला."

मी मुलांना सांगितलं, "चेंडू त्याच्याकडेच राहिला."

टाळ्या.

परतीच्या गाडीत तो खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "मुलं गप्प झाली नाहीत. हे सांगितलं की कुठेही लोक गप्प होतात." मी म्हटलं, जपानी मुलं, शिस्त. अशी थाप मारायलाही अक्कल लागते, ती माझ्याकडे भरपूर.

३ डिसेंबर, मंगळवार

सकाळी सेनादने जिन्यातच फोन पुढे धरला. लेय्लाचं तिकीट. त्याची मुलगी, सतरा वर्षांची, घटस्फोटानंतर आईकडे. एप्रिलमध्ये घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना बघायला येणार. बाबा खेळताना तिने धड कधी पाहिलाच नाही, कायम दुसऱ्या देशात. "तेवढा एक सामना, कोमशिया. मग बूट खिळ्याला." हे सांगताना माणूस दोन पायऱ्या एका टांगेत उतरला आणि भिंत धरून उभा राहिला.

दुपारी डॉक्टर. फिल्म लावली. म्हणाले, कूर्चा जवळपास संपलीय. आत्ताच खेळणं थांबवा असं माझं स्पष्ट मत. असाच मोसम काढला तर पुढे जिनाही नीट चढता येणार नाही.

दोघं माझ्याकडे बघायला लागले.

मी सांगितलं, झीज आहे, जपून खेळ, मध्ये विश्रांती घे.

"म्हणजे नेहमीचंच," तो म्हणाला. "सांग त्यांना, मी खेळणार." हे मात्र मी शब्दशः सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली आणि क्लबच्या कागदावर लिहिलं, रुग्णाला सर्व समजावून सांगितले, निर्णय रुग्णाचा. शिक्का.

मी मुद्दाम केलं असं नाही. मुद्दाम केलं नाही असंही नाही. आमच्या घरात पेशंटला सांगायची रीत नाही. आप्पांना शेवटपर्यंत पित्तच होतं. डॉक्टर बाहेर कॉरिडॉरमध्ये काय ते सांगायचे, आम्ही डोळे पुसून आत यायचो आणि म्हणायचो, "सोमवारी घरी सोडतायत." आप्पा दर सोमवारी दाढी करून बसायचे.

२२ डिसेंबर, रविवार

जिंकलो. तो पूर्ण वेळ खेळला. शेवटचा शॉट तसाच, सपाट. हॉल उभा राहिला. मी बेंचमागे बसून गुडघाच बघत होतो. उतरताना तो दर वेळी डाव्या पायावर उतरतो.

ओकादा-सान खूश. "सेनाद-सान खरे व्यावसायिक. सगळं माहीत असून खेळतात."

कागदावर तसंच आहे.

२ जानेवारी, गुरुवार

सगळं बंद. बिल्डिंगमधली माणसं गावाला. चार दिवसांत बोललो ते फक्त कोन्बिनीत, "पिशवी नको." आणि सेनादशी. त्याच्याकडे दोन कॉफ्या, मग बुद्धिबळ, मग पुन्हा कॉफी. पण ती दुसऱ्यातच धरायची म्हणाला.

हा गेला तर या शहरात मला कोणी नाही. हे लिहून ठेवतो, कारण सांगायचं टाळतोय ते गुडघ्यासाठी की या कॉफीसाठी, ते मलाच कळेनासं झालंय.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. वै.ने पाठवलेला तिळगूळ डबीत घेऊन संध्याकाळी वर गेलो. जिन्यात ठरवलं होतं, आज सांगायचं.

तिळगूळ दिला, आम्ही देताना काय म्हणतो ते सांगितलं. हा घ्या आणि गोड बोला. तो म्हणाला, "वर्षातून एकदा? तुझा तर तोच धंदा आहे." चेष्टेत. पहिली कॉफी संपल्यावर मी सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले होते, मी काय सांगितलं. आप्पांचंही सांगितलं, जणू त्याने काही कमी होतं.

वाटलं होतं ओरडेल. पाय लांब केला, गुडघ्याकडे बघत बसला. म्हणाला, "कदाचित मी तरीही खेळलोच असतो. पण ते मी ठरवलं असतं." दुसरी कॉफी ओतली. मला वाटलं, सुटलो.

मग थांबला. भांडं हातातच. "आणि शाळेत?"

"काय?"

"मुलं गप्प का नाही झाली?"

सांगितलं. नेदिम दुसऱ्या गावी राहायला गेला.

भांडं खाली ठेवलं. म्हणाला, "तीस वर्षं मी प्रत्येक गावात सांगतो की तो मेला. त्याची आई गेली, जिन्यातले सगळे पांगले. सांगणारा मी एकटा उरलोय. तू कोण त्याला गावी पाठवणारा?"

उठला. पाणी ठेवलं, कॉफी टाकली, फेस येऊ दिला. घाई केली नाही. माझ्या कपात नीट ओतली, समोर ठेवली आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

तिसरी.

प्यायलो. जीभ भाजली. दारात सवयीने मराठीतच म्हटलं, "येतो."

२७ जानेवारी, सोमवार

दहा वाजता कान वरच्या मजल्याकडे. सोमवारची पावलं ओळखू येतात. इकडून तिकडे, स्टोव्हपाशी थांबतात. एकाच माणसाची कॉफी.

त्याने कोचला स्वतःच सांगितलं, फोनमधल्या भाषांतरावर. त्या दिवसापासून बेंचवर. वर्तमानपत्रात, ‘किरकोळ दुखापत’. हे मात्र मी लिहिलेलं नाही.

शाळेतल्या बाईंना पत्र लिहिलं. नेदिम दुसऱ्या गावी गेला नाही, गेला तो कसा गेला, आणि त्या दिवशी चूक सेनाद-सानची नसून माझी. मुलांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा असं लिहिलं, मग ते खोडलं आणि लिहिलं, कृपया सांगा. तीनदा शाई पसरली. टाकलं पोस्टात.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आता मीटिंगमध्येही तो फोन टेबलावर ठेवतो. त्यातली बाई बोलते, मी शेजारी बसून राहतो. कोचने झोन डिफेन्सचं समजावलं, बाईने काय सांगितलं देव जाणे, सेनादच्या भुवया वर. मला माहीत होतं, तोंडही उघडलं, मग मिटलं. बाई निदान स्वतःच्या मनाचं काही घालत नाही.

ओकादा-सान जाताना म्हणाले, "भांडण?" मी म्हटलं, नाही, थंडी.

बघा. अजूनही.

मुक्ताला मेसेज केला, परीक्षा कशी. अंगठा आला. एवढंच.

२३ मार्च, रविवार

साडेचारला बेल. सेनाद. गुडघा भोपळ्याएवढा. आत आला नाही.

"लेय्ला एकतीसला पोचते. दोन एप्रिलला डॉक्टर. ती विचारते, शेवटचा सामना खेळणार का. मला माहीत नाही. तू ये."

"आणि फोन?"

"फोनला डॉक्टरचा चेहरा दिसत नाही." जरा थांबून, "सगळं सांगायचं. तो खोकला तरी सांग."

दार लावल्यावर मी चहा केला आणि दोन कपात ओतला. वेड लागायची पाळी.

२ एप्रिल, बुधवार

लेय्ला बापावर गेलीय, बसल्यावरही उंच. वहीत काढलेले प्रश्न, सगळे इंग्रजीत, नीटस. बापाच्या शेजारी नाही, माझ्या शेजारी बसली. दोघांच्या मध्ये मी.

डॉक्टर बोलले, मी बोललो. एक शब्द गाळला नाही. एक सामना खेळला तर कदाचित काहीच होणार नाही, कदाचित गुडघा मैदानावरच पूर्ण जाईल. सांगता येत नाही. काही वर्षांत कृत्रिम सांधा लागेल, हे नक्की. मग म्हणाले, "डिसेंबरमध्येच थांबला असता तर बरंच वाचलं असतं. ते सहा आठवडे महाग पडले."

हेही सांगितलं. मान वर करून. इंग्रजी चांगलं येत असूनही मधले दोन शब्द सापडायला वेळ लागला.

डॉक्टरांनी विचारलं, "मी तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं. का खेळलात?"

सेनाद माझ्याकडे न बघता म्हणाला, "सांग, मी हट्टी माणूस आहे."

आमच्या कामाचा नियम साफ आहे. बोलणारा खोटं बोलला तर खोटंही जसंच्या तसं पोचवायचं. मी जपानीत म्हटलं, "मी हट्टी माणूस आहे." आणि दुसरा नियमही आहे, कधीतरीच वापरायचा. सोळा वर्षांत वापरला नव्हता. म्हटलं, "आता दुभाष्याचं स्वतःचं एक वाक्य. डिसेंबरमध्ये तुम्ही सांगितलेलं मी यांना सांगितलं नव्हतं." मग तेच इंग्रजीत, लेय्लासाठी.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. हे क्लबला कळवावं लागेल म्हणाले. बरोबर आहे.

लेय्ला माझ्याकडे बघत राहिली. तिच्या वहीत हा प्रश्न नव्हता. मग बापाला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली, तोही काहीतरी म्हणाला. मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही. स्टेशनवर तिने त्याचा हात खांद्यावर घेतला, आणि तो, जो जिन्यात भिंत धरतो पण माणूस धरत नाही, धरून चालला.

ओकादा-सानना मीच फोन केला. बराच वेळ "हाय, हाय", म्हणजे हो, हो, एवढंच. मग म्हणाले, "शनिवारचा सामना होऊ द्या. पुढच्या वर्षीचं नंतर बोलू."

५ एप्रिल, शनिवार

सकाळी दाराच्या फटीतून पाकीट. शाळेतून. बाईंची चार ओळींची चिठ्ठी, वर्गात वाचून दाखवलं, मुलं बराच वेळ काही बोलली नाहीत. सोबत एक चित्र, जिना, दार, चेंडू. दोन मुलगे. खाली नाव लिहिलंय, नेदिम-सान.

घेऊन वर गेलो. लेय्लाने दार उघडलं. सेनादने चित्र बघितलं, चष्मा लावून पुन्हा बघितलं. म्हणाला, "गप्प झाली?" म्हटलं, "बाई तसं लिहितात. मी तिथे नव्हतो." त्याने ते फ्रिजवर लावलं, कचऱ्याच्या वेळापत्रकाशेजारी.

कॉफी लेय्लाने केली. पहिली झाली, दुसरी झाली. कोपऱ्यात त्याची बॅग, चेन उघडी. आत बूट आहेत का ते दिसत नव्हतं. विचारलं नाही. त्याने एवढंच सांगितलं, "आधी कोर्टवर जाऊन उभा राहतो, मग बघू." लेय्ला पुन्हा पाणी ठेवायला उठली तसा मीच उभा राहिलो. ती तिसरी होती की दुसऱ्यातलीच, हे बघत थांबायची माझी छाती नाही.

खाली आलो. बारा वाजत आलेले, पुण्यात साडेआठ. मुक्ताला फोन लावला, वै.ला नाही, थेट तिला. उचलला. मी आधी लिहून काढलं होतं, मग कागद बाजूला ठेवला. म्हटलं, "मुक्ता, तेव्हा सुट्टीला चाललो नव्हतो. निघतानाच मला माहीत होतं. तू खिडकीतल्या झाडाला पाणी घालून निघालीस तेव्हाही माहीत होतं. आईने सांगू म्हटलं होतं, मी नको म्हटलं."

पलीकडे प्रेशर कुकरची शिट्टी झाली. फोन कापला असं वाटलं, पण कॉलचे आकडे पुढे सरकत होते.

मग मराठीत, दोन वर्षांनी, "बाबा, अजून काय काय सांगायचं राहिलंय?"

साडेबाराला सामन्याला निघायचं होतं, पण जूनचं सांगायचं राहिलं होतं. बूट काढले आणि खुर्ची ओढून बसलो.